मदतीची हाक आणि तिची नोंद

(नागपूर येथील एका वसतिगृहात विद्यार्थी-विद्यार्थिनींपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या चिटणिसांनी मला दिलेला विषय असा आहे : महाविद्यालयाच्या आवारात संकट ओढवले असता मोबाईलच्या साहाय्याने मदत कशी मिळवावी. मी वकील आहे, यंत्रशास्त्र जाणणारी नव्हे. मोबाईलच्या पोटात काय चालते हे मजपेक्षा आपणच मला अधिक चांगले सांगू शकाल. परंतु मदत मागणाऱ्याचा हक्क कोणता, ती देणे ज्याचे कर्तव्य आहे त्याने ती न दिल्यास त्याला जाब कसा विचारावयाचा, हा प्रश्न कायद्याचा आहे. त्याच अंगाने मी आज बोलणार आहे.

प्रथम एक रात्र सांगते. मी ह्याच शहरात कायद्याचे शिक्षण घेत होते आणि एका वसतिगृहात राहत होते. ह्या गोष्टीला वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. मोबाईल त्या वेळी श्रीमंतांच्या कमरेला असे; आम्हां मुलींसाठी एक दूरध्वनी होता, तो वॉर्डनबाईंच्या कचेरीत, आणि ती कचेरी रात्री नऊला कुलूपबंद होत असे. माझ्या शेजारच्या खोलीत चंद्रपूर जिल्ह्यातून आलेली एक मुलगी होती. तिला सिकलसेलचा आजार होता. हा आजार विदर्भाला, आणि त्यातही आपल्या व आदिवासी समाजाच्या घरांना, फार जवळून ठाऊक आहे. रात्री दोनच्या सुमारास तिच्या हातापायांत आणि पाठीत कळा उठल्या. ज्यांनी ही कळ पाहिली आहे त्यांना तिचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही, ज्यांनी पाहिली नाही त्यांना ते करूनही कळावयाचे नाही. आम्ही तिघीजणी फाटकाशी धावलो. चौकीदार म्हणाला, वॉर्डनबाईंची चिठ्ठी आणा. वॉर्डनबाई शहराच्या दुसऱ्या टोकास राहत. कचेरीस कुलूप. बाहेर चौकात एस.टी.डी.चे बूथ होते, परंतु त्याच्या आणि आमच्यामध्ये ते फाटक होते. पहाटे दूधवाला आला, त्याच्याजवळ निरोप दिला, आणि सहा वाजून गेल्यावर फाटक उघडले. एका ऑटोरिक्षात घालून आम्ही तिला दवाखान्यात नेले.

ती वाचली. परंतु महिन्याभरात तिचे वडील आले आणि तिला गावी घेऊन गेले. ती पदवीधर झाली नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही तक्रार केली. तेव्हा आम्हांस विचारण्यात आले की, तुम्ही किती वाजता मदत मागितली, कोणाजवळ मागितली, ती ऐकल्याचा पुरावा काय? चौकीदाराची वही आणविण्यात आली. त्या रात्रीच्या तारखेपुढे एकच ओळ होती : रात्र शांततेत गेली. चार तास एक मुलगी तळमळत होती आणि कागदावर ती रात्र शांत होती. वकिलीच्या व्यवसायात मी पुढे पुष्कळ दस्तऐवज वाचले, पण त्या ओळीने मला जे शिकविले ते कोणत्याच ग्रंथाने शिकविले नाही. ज्या हाकेची नोंद नाही, ती हाक कायद्याच्या दृष्टीने मारलीच गेली नाही.

आपल्या समाजाचा ह्या बाबतीतील अनुभव जुना आहे. बाबासाहेबांनी आपल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या आठवणींत काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र उद्धृत केले आहे. ते १९२९ च्या डिसेंबरात ‘यंग इंडिया’त प्रसिद्ध झाले होते. त्या शिक्षकाची बायको बाळंत झाली आणि दोनच दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यावयास तयार नव्हते. गावच्या नगरशेठाने रदबदली केली, दोन रुपये फीची हमी स्वतः घेतली, तेव्हा कोठे डॉक्टर आले, आणि तेही वस्तीच्या बाहेर. बाळंतिणीला उचलून बाहेर आणावे लागले. डॉक्टरांनी तापमापक एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने बायकोच्या हाती. आणि त्याच वाटेने तो परत गेला. शेवटी ती बाई मरण पावली.

ह्या हकीकतीतील अस्पृश्यता आपण सर्वजण पाहतोच. त्यातील दुसऱ्या एका गोष्टीकडे मी आपले लक्ष वेधू इच्छिते. मदत आणि रोगी ह्यांच्यामध्ये किती माणसे उभी होती ते मोजा. हमी देणारा, रदबदली करणारा, हातातून हातात वस्तू पोहोचविणारा. आम्हां मुलींच्या बाबतीत ती जागा चौकीदाराने, चिठ्ठीने आणि कुलपाने घेतली होती. ज्याच्याजवळ वशिला नाही त्याला मदतीपर्यंत पोहोचण्यासाठी नेहमीच कोणाची तरी परवानगी लागत आली आहे. मोबाईलचे खरे मोल मला येथे दिसते. संकटात सापडलेला मनुष्य आणि मदत देण्यास बांधलेला सरकारी अधिकारी ह्यांच्यामधला मध्यस्थ त्याने काढून टाकला, निदान काढून टाकण्याची सोय केली.

अर्थात सोय म्हणजे व्यवस्था नव्हे. केवळ तार आणि यंत्र असून भागत नाही, हे लंडन शहराने १९३५ साली अनुभवले. विंपोल स्ट्रीटवर एका घराला आग लागली. शेजाऱ्याने दूरध्वनी उचलला. परंतु मदतीची हाक आणि साधी चौकशी दोन्ही एकाच रांगेत उभ्या होत्या, आणि तो रांगेतच अडकून पडला. त्या आगीत पाच स्त्रिया दगावल्या. त्याने वर्तमानपत्रास पत्र लिहिले, चौकशी बसली, आणि १९३७ च्या जूनमध्ये ९९९ हा केवळ संकटासाठी राखलेला क्रमांक सुरू झाला. अमेरिकेत ९११ चा पहिला दूरध्वनी १९६८ साली झाला. आपल्या देशात मात्र पोलिसांचा १००, आगीचा १०१, रुग्णवाहिकेचा वेगळा, स्त्रियांचा वेगळा, अशी कितीतरी वर्षे गेली. संकटात पडलेल्या माणसाने आपले संकट कोणत्या खात्याचे आहे हे आधी ठरवावे, अशी ही रीत होती. २०१५ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सर्व देशासाठी ११२ ह्या एकाच क्रमांकाची शिफारस केली. २०१८ च्या नोव्हेंबरात हिमाचल प्रदेशात तो प्रथम चालू झाला, आणि महाराष्ट्रात २०२१ साली.

ह्या यंत्रणेशी नागपूरचा संबंध केवळ उपभोक्त्याचा नाही. राज्यभरातील ११२ चे दूरध्वनी स्वीकारण्यासाठी दोन केंद्रे स्थापन झाली. मुख्य केंद्र नवी मुंबईस आणि दुसरे आपल्या नागपुरास. आपण येथे सीताबर्डीवर उभे राहून ११२ फिरविला, तरी तो उचलणारा मनुष्य नवी मुंबईत बसलेला असू शकेल, आणि सिंधुदुर्गातील एखाद्या स्त्रीची हाक नागपुरात ऐकली जात असेल. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुष्कळांची अशी समजूत असते की पलीकडचा मनुष्य आपल्याच ठाण्यातील हवालदार आहे, त्याला ‘मागच्या फाटकाजवळ’ एवढे म्हटले की पुरे. त्याला आपले महाविद्यालय ठाऊक नाही. तो आपली माहिती लिहून घेतो, ती संबंधित जिल्ह्याच्या अथवा आयुक्तालयाच्या नियंत्रण कक्षाकडे जाते, आणि तेथून जवळच्या गाडीतील पडद्यावर उमटते. म्हणून प्रथम शहराचे नाव, मग संस्थेचे, मग इमारतीचे आणि मजल्याचे, आणि कोणत्या रस्त्यावरील फाटकातून यावे ते. स्वतःचे नाव शेवटी सांगितले तरी चालेल. जी.पी.एस. चालू असेल तर आपले ठिकाण यंत्र कळविते. बंद असेल तर जवळच्या टॉवरवरून केवळ अदमास बांधता येतो, आणि तो अदमास एवढ्या मोठ्या आवारात फारसा उपयोगी पडत नाही.

आपल्यापैकी काहींजवळ भारी किमतीचे फोन असतील, काहींजवळ साधे बटणांचे असतील, आणि गोंदिया-गडचिरोलीकडून आलेल्या कोणाजवळ थोरल्या भावाने वापरून दिलेला असेल. त्यांनी संकोच बाळगू नये. केंद्र सरकारने २०१६ च्या एप्रिलमध्ये नियम करून ठरविले की, १ जानेवारी २०१७ पासून देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये संकटाची कळ असलीच पाहिजे. साध्या फोनवर ५ अथवा ९ हा आकडा दाबून धरला की हाक जावी. स्मार्टफोनवर त्यासाठी वेगळी खूण असावी, अथवा चालू-बंद करण्याची कळ लागोपाठ तीनदा दाबली असता ती जावी. निरनिराळ्या कंपन्यांच्या फोनांत ही रीत थोडी निरनिराळी आढळते. तेव्हा आज रात्री प्रत्येकाने आपल्या फोनच्या मांडणीत जाऊन ती एकदा पाहून ठेवावी. मात्र गंमत म्हणून ती कळ दाबू नये. आपण खोटी हाक मारीत असता त्याच क्षणी दुसऱ्या कोणाची खरी हाक ताटकळत असते. मला ह्या नियमात एक गोष्ट फार आवडते. फोन स्वस्त असो वा महाग, हाक मारण्याचा अधिकार दोघांस सारखा दिलेला आहे. कायदा नेहमीच इतका समदृष्टीचा नसतो.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येते.

आपण ११२ फिरविला की एक नोंद उत्पन्न होते. अमुक दिवशी, अमुक वाजून अमुक मिनिटांनी, अमुक क्रमांकावरून हाक आली. अमुक गाडीला निरोप गेला. ती अमुक वेळी पोहोचली अथवा पोहोचली नाही. ही नोंद कोणा चौकीदाराच्या वहीत नाही, ती त्याच्या मर्जीने लिहिली जात नाही आणि ‘रात्र शांततेत गेली’ असे लिहून पुसली जात नाही. ज्यांच्या शब्दावर आजवर कोणी विश्वास ठेवला नाही त्यांच्या बाजूने प्रथमच एक साक्षीदार उभा राहिला आहे, आणि तो जात पाहत नाही. आपल्या बाबतीत मदत येणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती मागितल्याचे सिद्ध होणे महत्त्वाचे आहे, असे माझे व्यवसायातील मत झालेले आहे.

तथापि येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे, कारण शिकलेली माणसेही येथे चुकतात. ११२ वर केलेला फोन म्हणजे प्रथम खबर नव्हे. घाईत दिलेला त्रोटक निरोप हा एफ.आय.आर. ठरत नाही, असे न्यायालयांनी वारंवार म्हटलेले आहे. गाडी आली, माणसे पांगली, पोलिसांनी ‘आता सर्व ठीक आहे ना?’ असे विचारले आणि आपण ‘हो’ म्हटले की प्रकरण तेथेच मिटते. गुन्हा घडला असेल तर ठाण्यावर जाऊन खबर नोंदविलीच पाहिजे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर तो नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात ठरविले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने तर हेही स्पष्ट केले की, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्यावर देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही पाठविता येते, फक्त तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही केली पाहिजे. आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे वाक्य ज्यांनी ऐकले आहे त्यांना ह्या कलमाची किंमत कळेल. आणि हल्ला जातीवरून झाला असेल तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक अधिनियमाचे कलम ४ लक्षात ठेवा. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकाला त्यात सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंतची शिक्षा सांगितली आहे, मात्र हा लोकसेवक स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसला पाहिजे. त्याच अधिनियमाच्या अंमलबजावणीसाठी १४५६६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक २०२१ च्या डिसेंबरात सुरू झाला. तो आपल्या किती वस्त्यांत ठाऊक आहे, हा प्रश्न मी येथे विचारीत नाही. उत्तर ऐकून मला वाईट वाटेल.

आपल्या फोनमध्ये केलेल्या कॉलची यादी दिसते, तिचे छायाचित्र लगेच काढून ठेवा. नियंत्रण कक्षातील ध्वनिमुद्रण कायमचे राहत नाही. म्हणून प्रकरण गंभीर असेल तर आठवडाभर वाट न पाहता, अमुक वेळेच्या अमुक कॉलची नोंद जपून ठेवावी असा लेखी अर्ज पोलीस आयुक्तालयात द्या आणि त्याच्या प्रतीवर शिक्का घ्या. तो शिक्का घेण्यास लाजू नका. मी आजवर जेवढे खटले पुराव्याअभावी गमावलेले पाहिले, त्यांतील निम्मे अधिक एखाद्या न घेतलेल्या शिक्क्यापायी गेले.

एवढे सर्व होऊनही मदत कोठे अडते म्हणाल, तर ती फाटकाशी अडते. दोनएक वर्षांपूर्वी माझ्याकडे एक विद्यार्थी आला होता. त्याच्या खोलीत घुसून रात्री काहीजणांनी त्याला मारहाण केली होती. त्याने ११२ फिरविला, पलीकडून नीट उत्तर मिळाले, गाडीही त्वरेने निघाली. ती मोठ्या फाटकाशी येऊन थांबली. वसतिगृह मागच्या रस्त्यावर होते. फाटकावरील माणसाने सांगितले की, येथून कोणी फोन केलेला नाही, सर्व झोपलेले आहेत. गाडी परत गेली. उपग्रहाने त्याचे ठिकाण शोधले होते, नियंत्रण कक्षाने ते ओळखले होते, आणि शेवटच्या दोनशे पावलांत एका मनुष्याच्या ‘नाही’ ने सर्व व्यर्थ गेले. तो चौकीदार दुष्ट होता असे मी म्हणणार नाही. त्याला कोणी काही सांगितलेच नव्हते. पोलिसांना आत सोडले तर नोकरी जाईल एवढेच त्याला ठाऊक होते. कंत्राटावर आठ-दहा हजारांत राबणाऱ्या त्या माणसाच्या गळ्यात सर्व दोष बांधून संस्थाचालक मोकळे होतात, हे मला मान्य नाही. त्याला लेखी आदेश देणे हे त्यांचे काम होते.

आणि म्हणूनच, एखादे महाविद्यालय समारंभपूर्वक स्वतःचे वेगळे ‘सुरक्षा ॲप’ काढते तेव्हा मला फारसा आनंद होत नाही. नारळ फुटतो, पाहुण्यांचे भाषण होते, छायाचित्र छापून येते. सहा महिन्यांनी त्या ॲपवरील हाक कोण ऐकतो, रात्री दोन वाजता तो कोठे असतो, आणि त्याने ऐकली नाही तर जबाबदार कोण, ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ज्या हाकेला उत्तर देण्याचे कर्तव्य कोणावरच कायद्याने टाकलेले नाही, तिच्यावर आपला जीव टांगू नये. आधी ११२, मग वाटल्यास ॲप.

आता दुसरी बाजू. मोबाईल हे संकटातील साधन आहे असे आपण एका तोंडाने म्हणतो, आणि अनेक वसतिगृहांतून, विशेषतः मुलींच्या, तोच मोबाईल शिस्तीच्या नावाखाली काढून घेतला जातो. केरळमध्ये कोझिकोड जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात मुलींनी रात्री दहा ते सकाळी सहा फोन जमा करावेत असा नियम होता. पुढे ती वेळ बदलून सायंकाळी सहा ते दहा करण्यात आली. फहीमा शिरीन ह्या विद्यार्थिनीने तो मानण्यास नकार दिला, तिला वसतिगृह सोडावयास सांगण्यात आले, आणि ती उच्च न्यायालयात गेली. १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असे म्हणून तिला परत प्रवेश देण्याचा आदेश केला. हा निकाल आपल्या मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारक नाही, हे वकील म्हणून मी सांगितलेच पाहिजे. पण तो येथे आधार म्हणून निश्चित दाखविता येतो. त्या खटल्यात वाद अभ्यासाचा होता. मी त्यात आणखी एक प्रश्न घालीन : रात्री दोन वाजता ज्या मुलीचा फोन कपाटात आहे आणि किल्ली वॉर्डनबाईंजवळ आहे, तिच्या स्थितीत आणि माझ्या शेजारच्या खोलीतील त्या मुलीच्या स्थितीत वीस वर्षांनी काय फरक पडला?

ह्याच्या उलट टोकाला, मुलगी कोठे आहे हे चोवीस तास पाहत राहणारी यंत्रे तिच्या फोनमध्ये घालण्याची हौस आहे. पालकांची काळजी मी समजू शकते. मीही एका मुलीची आई आहे. परंतु मी हाक मारीन तेव्हा माझे ठिकाण कळावे ही मदत झाली, आणि मी हाक मारली नसताना ते सतत कळत राहावे ही पहारेकऱ्याची नजर झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१३ च्या ‘सक्षम’ अहवालाने सुरक्षेच्या नावाने मुलींच्या हालचालींवर बंधने लादू नयेत असे स्वच्छ सांगितले होते. किती वसतिगृहांनी तो अहवाल उघडला असेल याबद्दल मला शंका आहे.

ज्याच्यावर विश्वास असेल त्यालाच मनुष्य हाक मारतो. २०१९ च्या नोव्हेंबरात हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्य स्त्रीची अत्याचार करून हत्या झाली. संकटाची चाहूल लागताच तिने आपल्या बहिणीला फोन केला होता. तेथील तत्कालीन गृहमंत्री म्हणाले की, तिने बहिणीऐवजी पोलिसांना फोन करावयास हवा होता. त्याच रात्री तिचे कुटुंबीय ठाण्यावर गेले असता हद्दीच्या वादात वेळ दवडला गेला, आणि त्यापायी पुढे तीन पोलिसांना निलंबित करण्यात आले. मग त्या मुलीने बहिणीला फोन का केला, ह्याचे उत्तर मंत्र्यांना त्यांच्याच खात्यात सापडले असते. आपल्या नागपूर पोलिसांनी त्या घटनेनंतर, डिसेंबर २०१९ मध्ये, रात्री नऊ ते पहाटे पाच ह्या वेळात वाटेत अडकलेल्या स्त्रियांना विनामूल्य घरी पोहोचविण्याची योजना जाहीर केली. गृहमंत्र्यांच्या उपदेशापेक्षा हे शतपटीने चांगले. आपल्या मुलींना तर आणखी एक भीती असते : आधी आडनाव विचारतील, मग वस्ती, मग इतक्या रात्री तेथे काय करीत होतीस हे. ही भीती निराधार आहे असे मी आपणांस सांगू शकत नाही. एवढेच सांगते की, बहिणीला फोन अवश्य करा, पण ११२ नंतर. किंवा बहिणीलाच सांगा की तू ११२ फिरव. हाक दुसऱ्याने मारली तरी ती नोंदली जाते.

सर्वच संकटे हाणामारीची नसतात. काही फार शांतपणे येतात. रॅगिंगसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचा १८००-१८०-५५२२ हा क्रमांक २००९ पासून आहे, आणि महाराष्ट्रात तर रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. मन खचलेल्यांसाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाला, तेथे मराठीत बोलता येते. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा खटल्यात आदेश दिले की, असे क्रमांक वसतिगृहांत, वर्गांत आणि सर्वांच्या वावराच्या जागी मोठ्या, वाचता येईल अशा अक्षरांत लावले पाहिजेत. हा आदेश आहे, सूचना नव्हे. रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी ह्यांच्या माता सर्वोच्च न्यायालयात गेल्या त्या आपापल्या लेकरांसाठी नव्हे, ती गेलीच होती. त्या आपणांसाठी गेल्या. आपल्या शेजारच्या खोलीतील मुलगा दोन दिवस जेवावयास आला नाही, तर त्याचा फोन लागतो की नाही हे पाहण्यासाठी कोणत्याही कलमाची गरज नाही.

हाक उलट दिशेनेही जावी लागते, विद्यार्थ्याकडून संस्थेकडे तशी संस्थेकडून विद्यार्थ्याकडे. अमेरिकेत १९८६ साली पेनसिल्व्हेनियातील एका विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी ह्या विद्यार्थिनीचा खून झाला. त्या आवारात आधी किती गुन्हे झाले होते हे तिच्या आईबापांस कोणी सांगितलेच नव्हते. त्यांनी झगडून १९९० साली कायदा करविला. तेथील महाविद्यालयांस आपल्या आवारातील गुन्ह्यांचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध करावे लागतात. पुढे १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक येथे सकाळी सव्वासातच्या सुमारास दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. विद्यार्थ्यांना पहिला निरोप गेला तो नऊ वाजून सव्वीस मिनिटांनी. त्यानंतर थोड्याच वेळात त्याच हल्लेखोराने आणखी तीस जणांचा बळी घेतला. २००८ साली कायद्यात दुरुस्ती होऊन, धोका खरा असल्याचे कळताच तत्काळ सर्वांना कळविणे तेथे सक्तीचे झाले. आपल्याकडे परीक्षा पुढे ढकलल्याचा निरोप पाच मिनिटांत दोन हजार फोनांवर जातो, शुल्क थकल्याचा तर त्याहून लवकर. वसतिगृहाच्या मागे दिवे बंद आहेत, तिकडून जाऊ नका, हा निरोप जात नाही.

आपण म्हणाल, आम्ही विद्यार्थी, आम्ही काय करावयाचे? प्राचार्यांस एक अर्ज द्या. प्रत्येक इमारतीला नाव व क्रमांक द्यावा, तो रस्त्यावरून दिसावा; रात्री कोणते फाटक उघडे असते हे पोलीस ठाण्याला लेखी कळवावे; रुग्णवाहिका अथवा पोलिसांची गाडी आली तर ती न अडविता आत सोडावी, असा लेखी आदेश चौकीत लावावा. तीनच मागण्या. त्यांना पैसा लागत नाही. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्यावयाचा हे आता मी पुन्हा सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात डॉक्टरांस बजावले की, जीव वाचविणे आधी, पोलिसांचे सोपस्कार नंतर. डॉक्टरांस जे लागू ते फाटकास का लागू नसावे, असा प्रश्न त्या अर्जात विचारावयास हरकत नाही.

आज सायंकाळी आपल्या ह्या वसतिगृहात येताना मी फाटकाशी थोडी थांबले. खांबावर मागील स्नेहसंमेलनाचा कागद आहे, शिकवणी वर्गाची जाहिरात आहे, एकही मदतीचा क्रमांक नाही. चौकीतील दादांना मी विचारले, रात्री पोलिसांची गाडी आली तर काय कराल? ते म्हणाले, साहेबांना फोन करीन. साहेबांचा क्रमांक कोणता, असे विचारले तेव्हा त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. त्यावरील साहेब दोन वर्षांपूर्वी बदलून गेलेले आहेत. आपल्या अधीक्षकांशी माझे आताच बोलणे झाले. त्यांनी स्वतःचा क्रमांक, ११२, १०८, १४५६६ आणि १४४१६ हे सर्व एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले आहेत, आणि गाडी न अडविण्याबद्दल खाली सही केली आहे. तो पुठ्ठा माझ्याजवळ आहे. सभा संपल्यावर आपण सर्वजण तिकडूनच जाणार आहोत. कोणाजवळ खिळे आणि हातोडी असेल तर घेऊन यावे.